कोल्ह्याला हाक घालण्याआधी

कोल्ह्याला हाक मारली तर तो येतो का? येतो. सापडलेल्या सशाची किंकाळी हुबेहूब काढता आली, वारा समोरून आपल्या तोंडावर येत असला आणि आपण जागचे हललो नाही, तर भुकेला कोल्हा अगदी जवळ येऊन उभा राहू शकतो. अमेरिकेत कायोटी नावाचा प्राणी आहे. आपल्या कोल्ह्याच्याच कुळातला, अंगाने थोडा मोठा. तिथले शिकारी तोंडाने फुंकायची शिट्टी किंवा बॅटरीवर चालणारा भोंगा घेऊन रानात दबून बसतात, जखमी सशाचा आवाज काढतात आणि धावत आलेल्या कायोटीवर गोळी झाडतात. याचे व्हिडिओ आता आपल्या पोरांच्या मोबाइलवरही येतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंदा, गिरगाव, वसमत या पट्ट्यात कोल्हे आहेत, पोरांच्या खिशात मोबाइल आहे, हिवाळ्याच्या रात्री लांब आहेत. ‘आपल्याकडे हे कसं सुरू करायचं?’ असा प्रश्न त्यांना पडला तर त्यात नवल नाही.

या प्रश्नाला उडवून लावू नये, सरळ उत्तर द्यावं. बंदूक, फास आणि भोंगा या तीन गोष्टी पूर्णपणे बाजूला ठेवायच्या. त्यानंतर जे उरतं, म्हणजे वारा ओळखणं, बसायची जागा हेरणं, निश्चल राहणं, नुसत्या आवाजावरून जनावर, त्याची दिशा आणि त्याचं कुटुंब ताडणं, ते सगळं शिकण्यासारखं आहे. शेतकऱ्याच्या तर ते थेट उपयोगाचं आहे. हाक घालणाऱ्या शिकाऱ्यांमध्येही जो चांगला म्हणून ओळखला जातो, तो आधी चांगला ऐकणारा असतो. आपण ते ऐकणं शिकू या.

आधी कायदा

यात चूक झाली तर पुढचं काही शिकायची वेळच येणार नाही, म्हणून हे आधी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा. २०२२ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३पासून ती लागू आहे. या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत आहे, लांडगाही त्याच अनुसूचीत आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद, आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड. शेत स्वतःचं आहे, सातबारा आपल्या नावावर आहे, याने काही फरक पडत नाही. कोल्हा शेताबरोबर आपल्या मालकीचा होत नाही.

अनेकांना वाटतं की शिकार म्हणजे जीव घेणं. कायद्याची व्याख्या त्याहून बरीच रुंद आहे. विष घालणं, फास लावणं, सापळ्यात पकडणं, हाका करून हुसकणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारीतच मोडतं. मोबाइलला स्पीकर जोडून सशाची किंकाळी वाजवणं आणि कोल्हा जवळ ओढणं हे आमिषाच्या किती जवळ जातं, ते वेगळं सांगायला नको. ‘मी फक्त फोटो काढत होतो’ हे उत्तर वनरक्षकासमोर टिकेल अशा भरवशावर कुणी राहू नये.

कोल्ह्याचं शिंग म्हणून बाजारात केसाळ गाठीसारखी वस्तू विकली जाते, तिचाही इथेच उल्लेख करतो. कोल्ह्याला शिंग नसतं. त्या वस्तूने ना पैसा येतो, ना कोर्टातली केस जिंकता येते. पण तिच्या नादाने कोल्हे मारले जातात, आणि ती विकणारा व घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी मागितली तरी आणू नका.

रेकॉर्डिंग वाजवून कोल्ह्यांना बोलतं करण्याची रीत शास्त्रज्ञ वापरतात, हे खरं आहे. ग्रीसपासून बांगलादेशापर्यंत कोल्ह्यांची पाहणी अशी झाली आहे. आपल्या महाराष्ट्रातच डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी लांडग्यांच्या आरोळ्या रेकॉर्ड करून त्यांचा अभ्यास केला. प्रत्येक लांडग्याची आरोळी इतकी वेगळी असते की आवाजावरून तो लांडगा ओळखता येऊ शकतो, असं त्यातून पुढे आलं. २०१९ आणि २०२१मध्ये ते शोधनिबंध छापून आले. असं काम वनखात्याची परवानगी काढून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळा, ठरावीक अंतराने होतं. आपण हौसेने रोज संध्याकाळी भोंगा लावला तर काय होतं? कोल्ह्याच्या जोडीला आपल्या हद्दीत परका कोल्हा शिरल्यासारखं वाटतं. मादी पिलं सोडून बाहेर येते, नर धावाधाव करतो, गावातली कुत्री त्या आवाजाच्या रोखाने सुटतात. आपली करमणूक होते आणि एका कुटुंबाची रात्र वाया जाते.

ज्यांना ही विद्या आधीपासून येते

हाकेवर जनावर आणण्याची विद्या आपल्याकडे अमेरिकेतून यायची गरज नव्हती. मराठवाडा-विदर्भातल्या फासेपारध्यांकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. तितराचा आवाज तोंडाने काढायचा, पाळलेला तितर पिंजऱ्यात ठेवून रानातल्या तितराला भांडायला बोलवायचं, पायवाटेवरच्या एका खुणेवरून कोण किती वेळापूर्वी गेलं ते सांगायचं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२च्या ३१ ऑगस्टला गेला, पण शिक्का लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. पुढे १९७२च्या कायद्याने शिकार थांबली, ती थांबायलाच हवी होती. मात्र त्यांच्या पोटापाण्याची सोय कुणी तितक्या तत्परतेने लावली नाही.

माझं स्पष्ट मत आहे की गावात कुणी कोल्हे, खोकड, तितर यांची पाहणी करणार असेल, तर पहिला गुरू म्हणून पारधी बेड्यावरच्या जाणत्या माणसाकडे जावं, आणि त्याच्या वेळेचे पैसे द्यावेत. वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा भागात ‘संवेदना’ ही संस्था फासेपारध्यांना बरोबर घेऊन माळरानं आणि तणमोर वाचवण्याचं काम करते. मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण पर्यटकांना रानात पायी फिरवतात, प्राण्यांचे आवाज तोंडाने काढून दाखवतात आणि त्यावर घर चालवतात. हिंगोली जिल्ह्यातही हे होऊ शकतं.

कधी बसायचं, कुठे बसायचं

कोल्हे वर्षभर ओरडतात, पण ऐकायला शिकायचं असेल तर मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस धरावेत. हा त्यांच्या जोड्या जमण्याचा काळ. हद्द राखायची असते, जोडीदाराला धरून राहायचं असतं, म्हणून ओरडणं वाढतं. मादीचा गाभणकाळ साधारण दोन महिन्यांचा, त्यामुळे उन्हाळा लागता लागता बिळात पिलं दिसू लागतात. पिलं लहान असतानाचे दिवस बिळापासून लांब राहण्याचे.

थंडीचा दुसरा फायदा आवाजाचा. आभाळ निरभ्र असलेल्या, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. अशा हवेत आवाज वर उडून न जाता जमिनीकडे वळतो आणि लांबवर पोचतो. एरवी अर्ध्या किलोमीटरवर विरणारी कोल्हेकुई अशा रात्री दीड-दोन किलोमीटरवरून स्वच्छ ऐकू येते. म्हणून ‘आज कोल्हे जवळ आलेत’ असं वाटलं तरी लगेच धरून चालू नका. आधी हवा कशी आहे ते पाहा.

वेळ दोन. सूर्य बुडाल्यावर दिवे लागणीपासून तास-दीड तास, आणि पहाटे फटफटायच्या आधीचा तास. मधल्या रात्रीही ओरडतात, पण नवख्याने रात्रभर बसायची गरज नाही.

जागेचं म्हणाल तर आपला परिसर यासाठी फार चांगला आहे. टोकाईचा गड आणि त्याच्या आजूबाजूची झुडपं, ओढ्यानाल्यांचे काठ, पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर वाढलेला ऊस, केळीच्या बागा, हळदीची रानं. कोल्ह्याला दिवसा लपायला गच्च जागा लागते आणि रात्री हिंडायला मोकळं रान लागतं. ऊस आणि हरभरा शेजारी शेजारी असले की त्याचं दोन्ही भागतं. बसायचं मात्र अशा गच्च जागेच्या आत नाही, तर दोनशे-तीनशे मीटर बाहेर, थोड्या उंचवट्यावर, बांधाच्या किंवा बाभळीच्या आडोशाला. शेतातल्या आखाड्यावरची बाज किंवा माळा चालतो. मोटारीच्या घरघरीपासून लांब राहा, नाहीतर कानाला निम्मं ऐकूच येणार नाही.

वारा पाहायला चिमूटभर माती सोडून बघा. शिकाऱ्याला वारा तोंडावर हवा असतो, कारण कोल्हा हाकेकडे सरळ येत नाही. वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाने येतो आणि आधी वास घेतो. आपल्याला त्याला जवळ आणायचं नाही, तरीही वारा तोंडावरच घ्यावा. आपला वास गेला नाही तर तो नेहमीसारखा वागतो, आणि ऐकायला मिळतं ते खरं असतं.

बाकी सामान थोडंच. उबदार कपडे, गुडघ्यापर्यंतचे बूट, काठी, बॅटरी, वही-पेन, मोबाइल. बूट आणि बॅटरी यात तडजोड नको. घोणस आणि मण्यार दोन्ही आपल्या रानात आहेत. जाता-येता पायापुढे उजेड हवाच, बसल्यावर बंद करा. पोलीस पाटलाला आणि शेजारच्या आखाड्यांना आधी सांगून ठेवा. चोरांच्या अफवा गावोगाव उठत असतात, आणि अंधारात बॅटरी घेऊन बसलेल्या अनोळखी पोरांना लोक आधी मारतात, मग विचारतात. एकट्याने जाऊ नका.

कोल्हेकुई जवळून

आता मुख्य गोष्ट. पहिली कोल्हेकुई नीट ऐकाल तेव्हा असं होईल: अंधार पडून थोडा वेळ झालेला, गावातला आवाज ओसरलेला. एका बाजूने एकच लांब सूर उठतो, खालून वर चढत जाणारा, शेवटी किंचित थरथरणारा. तो संपायच्या आत दुसरा सूर त्यात मिसळतो, पण पहिल्याच्या उंचीवर नाही, थोडा वर किंवा थोडा खाली. मग दोन्ही सूर तुटतात, त्यांची आखूड, भराभर कुई-कुई होते, मधे भुंकल्यासारखे फटकारे येतात, आणि पाच-सात सेकंदांत असं वाटतं की दहा-बारा कोल्ह्यांची टोळी माजली आहे. मग सगळं एकदम थांबतं. गावातली कुत्री भुंकायला लागतात ती त्यानंतर, आणि बरीच माणसं कुत्र्यांच्या आवाजानेच जागी होतात. मूळ आवाज त्यांनी ऐकलेलाच नसतो.

बहुतेक वेळा ते दहा-बारा नसतात. ती एक जोडी असते, फार तर जोडीला गेल्या वर्षीचं एखादं मोठं झालेलं पिलू असतं. अशी पिलं पुष्कळदा आईबापांबरोबर राहून धाकट्या भावंडांना वाढवायला हातभार लावतात. प्रत्येक जण भराभर सूर बदलतो, दोघे मुद्दाम एका सुरात येत नाहीत, वर टेकाडावरून आणि ओढ्याच्या दरडीवरून प्रतिध्वनी येतो. त्यामुळे दोन गळ्यांचे दहा होतात. कायोटीच्या बाबतीतही असंच होतं, आणि तिथल्या शेतकऱ्यांनाही त्यांची संख्या नेहमी जास्त वाटते. ‘कोल्हे फार माजलेत’ ही आपल्याकडची तक्रार निम्म्याहून अधिक या कानाच्या फसगतीतून येते, असं मला वाटतं.

म्हणून मोजायचा नियम हा: पहिल्या तीन-चार सेकंदांत किती स्वतंत्र सूर सुरू झाले तेवढेच मोजा. कुई-कुई सुरू झाली की मोजणं सोडून द्या. वहीत ‘एक’, ‘दोन’, ‘दोनहून जास्त’ एवढंच लिहा. ‘पंधरा कोल्हे’ असं लिहिलं तर ती नोंद कुणाच्याच कामाची नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे उत्तर. एका दिशेची कोल्हेकुई संपते न संपते तोच दुसऱ्या दिशेने, लांबून, तशीच उठते. कधी तिसरीकडूनही. ही शेजारची कुटुंबं आपापल्या हद्दीतून ‘आम्ही इथे आहोत’ म्हणून सांगत असतात. कोल्ह्यांची डोकी मोजता येत नाहीत, पण घरं मोजता येतात. एका संध्याकाळी तीन दिशांनी लागोपाठ उत्तरं आली, तर तुमच्या कानाच्या टप्प्यात तीन कुटुंबं आहेत. ही नोंद पक्की.

आता भोंग्याशिवाय हे उत्तर मिळवायचं कसं, तर गाव रोज हाक घालतच असतं. देवळातली आरतीची घंटा, वसमतच्या रस्त्याने जाणारी रुग्णवाहिका, एखादा सायरन. अशा लांब, चढउताराच्या आवाजाला कोल्हे पुष्कळदा ओ देतात. तुम्ही फक्त आधी जागेवर जाऊन बसलेलं असायला हवं. कायदा मोडत नाही, जनावराला नवा त्रास होत नाही, आणि हाक घालून बघण्याचं सगळं समाधान मिळतं.

कोल्हा कोणता आणि दुसरं कोण, हेही कानाने ओळखायला शिका. खोकड म्हणजे आपला माळावरचा लहान कोल्हा, शेपटीचं टोक काळं. त्याचा आवाज आखूड, किरकिऱ्या भुंकण्यासारखा, त्याची कोल्हेकुई होत नाही. लांडग्याची आरोळी जाड, खालच्या सुरात, लांब ओढलेली, न तुटणारी. ती एकदा ऐकली की कोल्ह्याशी गल्लत होत नाही. आणि एकट्या कोल्ह्याची मधूनच येणारी भेसूर, कर्कश किंकाळी, जिला जुनी माणसं ‘भालू ओरडली’ म्हणतात आणि अपशकुन मानतात, ती बहुधा भीतीची किंवा सावधपणाची असते. जवळ मोठं जनावर किंवा काही धोका असला की ती येते. भालू ओरडली तर गावात कुणी मरत नाही. आपण मात्र शेळ्या आत घ्याव्यात आणि त्या दिशेला जाऊ नये.

दोघांनी मिळून जागा शोधणं

एकट्याच्या कानाला दिशा कळते, अंतर कळत नाही. दोघे असले की दोन्ही कळतं, आणि त्यासाठी लागणारं यंत्र प्रत्येक मोबाइलमध्ये आहे: होकायंत्र.

समजा, तुम्ही टोकाईच्या पायथ्याशी बसलात आणि मित्र तुमच्या बरोबर पूर्वेला सातशे मीटरवरच्या एका आखाड्यावर. कोल्हेकुई उठली की दोघांनी त्या दिशेला मोबाइल धरायचा, अंश वाचायचे आणि वेळ लिहायची. तुमचे आले ४० अंश, मित्राचे आले ३२० अंश, दोघांची वेळ सात वाजून बावीस मिनिटं. घरी येऊन गावाच्या नकाशावर दोन्ही बसण्याच्या जागांवरून त्या-त्या अंशांच्या रेघा मारायच्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे कोल्हे होते. वरच्या उदाहरणात ती जागा दोघांपासूनही साधारण साडेपाचशे मीटरवर पडते. अंधारात आवाजाचा रोख धरताना दहा अंशांची चूक सहज होते, आणि तेवढ्या अंतरावर दहा अंश म्हणजे शंभर मीटरचा फरक. म्हणून ठिपका काढू नका, शंभर मीटरचं वर्तुळ काढा. लोखंडी बाज, मोटारपंप, दुचाकी यांच्याजवळ होकायंत्र चुकतं. त्यांच्यापासून आठ-दहा पावलं लांब उभे राहा. दोघांच्या वेळा जुळल्या नाहीत तर ती नोंद बाद करा, कारण तुम्ही कदाचित दोन वेगवेगळी कुटुंबं ऐकली असतील.

वेळेचा हा आग्रह आपल्या भागातल्या लोकांना पटेल. पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून आवाज येतात, हे आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत, आणि २१ मार्च २०२४च्या सकाळी ४.५ तीव्रतेच्या भूकंपाने सगळा जिल्हा हादरला. आवाज नक्की किती वाजता, कुठून आणि किती वेळ आला, हे ज्याने लिहून ठेवलं त्याचंच सांगणं शास्त्रज्ञाच्या कामी येतं. बाकीच्यांचं सांगणं गप्पांमध्येच जातं.

थोड्या दिवसांत वर्तुळं एकमेकांवर पडायला लागली की दिवसा त्या भागाच्या कडेने एक फेरी मारा, आत न शिरता. बांधावर, दोन वाटा मिळतात तिथे, कोल्ह्याची विष्ठा सापडते. तीत उंदराचे केस, बोराच्या बिया, कधी मक्याचे दाणे दिसतात. कोल्हा काकडीला राजी म्हणतात ते खोटं नाही, पण काकडी-टरबूज हे त्याचं तोंडी लावणं. उंदीर, घुशी हे रोजचं जेवण. हळद, भुईमूग, ऊस यांच्या रानात उंदीर काय करतात हे ज्याला माहीत आहे, त्याला कोल्ह्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. ओल्या मातीत पाऊल मिळालं तर खाली बसून पाहा. कुत्र्याच्या पावलापेक्षा ते लांबट, अरुंद असतं, आणि पुढच्या पंजाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मुळाशी एकमेकींना जुळलेल्या असतात. कुत्र्याच्या त्या सुट्या असतात. ही खूण एकदा डोळ्यांत बसली की पुन्हा चुकत नाही.

नुकसान झालं तर, आणि धोक्याच्या जागा

करडू किंवा कोंबडी गेली तर राग येणारच. पण विषाचा गोळा टाकू नका. तो आधी गावातली कुत्री, मग घारी, मग कदाचित शेजाऱ्याचं वासरू मारतो. डुकरांसाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या करंटने कोल्ह्यांबरोबर माणसंही मेली आहेत. तो गुन्हा तर आहेच, स्वतःच्या घरावर ओढवून घेतलेलं संकटही आहे. महाराष्ट्र शासन वन्यप्राण्याने पाळीव जनावर मारल्यास भरपाई देतं आणि त्या प्राण्यांच्या यादीत कोल्हा आहे. अट अशी की घटनेनंतर ४८ तासांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याला कळवायचं आणि मेलेलं जनावर जागेवरून हलवायचं नाही. फोटो काढा, पंचनामा करून घ्या. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. पुष्कळदा पंचनाम्यात मोकाट कुत्र्यांचं काम निघतं, तेही कळलेलं बरं.

करडं-पिलं रात्री पक्क्या कुडाच्या किंवा जाळीच्या आत ठेवली, मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या नाहीत, तर कोल्हा आखाड्यावर यायचं कारणच उरत नाही. आणि विहिरीला कठडा बांधा. कठडा नसलेल्या विहिरीत कोल्हे पडतात आणि माणसंही पडतात.

ऊसतोडीच्या दिवसांत फडात पिलं सापडतात. पोरं ती उचलून घरी आणतात, मोबाइलवर फोटो फिरतात, मग दोन दिवसांनी पिलू मरतं. पिलं दिसली तर तो कोपरा तेवढा सोडा, कुत्री बांधा आणि रात्रभर कुणी तिकडे जाऊ नका. मादी एकेक करून पिलं दुसरीकडे हलवते. सकाळी जागा रिकामी दिसली तर तोड पुढे चालू करा. पिलं तिथेच राहिली तर १९२६वर फोन करा.

भर दिवसा, माणसांना न बुजता, झोकांड्या खात येणारा किंवा कारणाशिवाय अंगावर धावणारा कोल्हा दिसला तर त्याच्या जवळ जाऊ नका. पिसाळलेला असू शकतो. २०२४ साली मुंबईत चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांमध्ये रेबीज आढळला होता. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही मागून घ्या. हळद, चुना, मिरची लावत बसू नका. रेबीज झाल्यावर उपाय नाही.

वहीचं काय करायचं

एका हिवाळ्याच्या नोंदी झाल्या की तुमच्याकडे अशी माहिती असते, जी गावाच्या शिवाराबद्दल क्वचितच कुठे लिहिलेली सापडते: कोल्ह्यांची किती कुटुंबं, कोणत्या बाजूला, कोणत्या महिन्यात किती वेळा ऐकू आली. पुढच्या वर्षी त्याच जागी बसलात आणि एक बाजू पूर्ण गप्प असली, तर तिथे काहीतरी बिघडलं आहे. फास लागले असतील, विष पडलं असेल, रोग आला असेल. हे कळवण्याइतका पुरावा तुमच्या हातात असतो. आवाजाच्या नोंदी आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येतात. बिळाची नेमकी जागा मात्र तिथे उघड करू नका, ती लपवायची सोय त्यात आहे.

आणि एक जागा त्याहून जवळची आहे. जैविक विविधता कायदा २००२चा. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी ही कल्पना गावोगाव रुजवण्यासाठी बरीच वर्षं खर्ची घातली.  कुरुंद्याच्या, किंवा तुमचं जे गाव असेल तिथल्या ग्रामपंचायतीत जा, नोंदवही मागून घ्या आणि कोल्ह्याबद्दल काय लिहिलं आहे ते वाचा. नुसतं नाव असेल तर समितीला अर्ज करून तुमच्या नोंदी, तारखा आणि नकाशा त्यात जोडायला लावा.